बाबांना उतरायला कुणी सांगितलं?

सीटबेल्टचा दिवा विझला तेव्हा आईने खिडकीकडची मान वळवली आणि विचारलं, "तुमच्या बाबांना बसमधून उतरायला कुणी सांगितलं?"

मी मधल्या सीटवर होते. माझ्या पलीकडे, वाटेच्या कडेला, धाकटा भाऊ आ-तुंग गुडघे कुठे ठेवायचे या विवंचनेत होता. तो म्हणाला, "ताईने."

"मी नाही. मी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करत होते. मला वाटलं तू सांगितलंस."

"माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या."

"तोंडात काय होतं?" आईने विचारलं.

तोंडात दुधाची गोळी होती. साप्पोरोला घेतलेल्या पाकिटातली. त्याने ती गालात सरकवली.

"आणि तू, आई?" मी विचारलं.

"मी चिउबाईंना धरलं होतं. बर्फावरून घसरल्या असत्या तर?"

चिउबाई आमच्याच ग्रुपमधल्या, आत्ता आमच्या मागच्या रांगेत बसलेल्या. म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. आईने ब्लाउजच्या आत पिन लावून ठेवलेली लाल कापडी पिशवी वरूनच चाचपली. ती जागेवर होती. तिच्यात घरच्या उदबत्तीपात्रातली चिमूटभर राख होती, बाबांच्या नावाच्या पात्रातली. तरी आईचा चेहरा उतरला तो उतरलाच.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या आठवड्यात वर्षाचा विधी होता. त्या दिवशी त्यांच्या पात्रातली राख पूर्वजांच्या पात्रात मिसळायची, आणि मग ते घरातल्या जुन्या माणसांत जाऊन बसतात. तोवर ते एकटे असतात आणि नवखे असतात. त्यांना कुठे न्यायचं असेल तर पावलोपावली सांगावं लागतं. दार आलं, पूल आला, बोगदा आला, गाडीत बसा, गाडीतून उतरा. सांगितलं नाही तर ते जिथे असतील तिथेच थांबतात. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आ-तुंग काओश्युंगपासून तुंगकांगपर्यंत प्रत्येक पुलावर हाक मारत आला होता. घरी पोहोचला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

तुंगकांगच्या मासळी बंदरात आमचा बर्फाचा कारखाना आहे. बाबांनी जन्मभर बर्फ केला, लाद्या फोडल्या, चुरा नळीतून बोटींच्या पोटात सोडला. पण पडणारा बर्फ त्यांनी कधी पाहिला नाही. "आकाशातून फुकट पडतो म्हणतात," असं ते म्हणायचे, आणि त्यात धंदेवाल्या माणसाला असतो तसा संशय असायचा. तो बघायला जायचं ठरलं तेव्हा त्यांची मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घेणाऱ्या माणसाला लांब जाता येत नाही. पुढे जाऊ, पुढे जाऊ म्हणत ते गेले.

या नववर्षाला आईने त्यांच्या फोटोसमोर दोन नाणी टाकली आणि विचारलं, "होक्काइदोला येतोस का, म्हातारबा?" एक चेहरा, एक आकडा. पहिल्याच फेकीत हो. जिवंतपणी इतक्या पटकन ते कशालाच हो म्हणाले नव्हते.

मग आम्ही तिघं जपानला निघालो. कारखाना आ-तुंगच्या बायकोने सांभाळला. आम्ही वीसेक जणांच्या ग्रुपबरोबर होतो, सगळे आमच्याच बाजूचे. गाइड मुलगी बसमध्ये डोकी मोजायची आणि मोजून झाली की आईकडे बघायची. आई मान हलवायची, मग बस सुटायची. ओतारूच्या कालव्यावर आई म्हणाली, "म्हातारबा, पूल." एका टेकडीवर भुरभुर बर्फ सुरू झाला तेव्हा तिने पिशवी काढून तळहातावर धरली आणि म्हणाली, "बघ. खरंच फुकट पडतोय." आ-तुंग म्हणाला, "बाबा, धंदा बसणार आपला." मागे उभ्या असलेल्या चिउबाई रडल्या. त्यांचा आणि बाबांचा काही संबंध नव्हता, पण त्या अशा प्रसंगी रडतात.

शेवटच्या दिवशी सकाळी रस्त्यावर बर्फ साचला आणि बस विमानतळावर उशिरा पोहोचली. गाइड मुलीने कुणाला मोजलं नाही. ती दारात उभी राहून ओरडली, "सगळे उतरा, सगळे उतरा, पळा." आम्ही पळालो.

"पिशवी तुझ्याकडे आहे ना?" मी आता आईला म्हणाले. "मग बाबा इथेच असतील."

"पिशवी म्हणजे तिकीट," आई म्हणाली. "तिकीट खिशात आहे म्हणून माणूस विमानात बसला असं होतं का?"

मी काओश्युंगच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात काय आहे आणि किती आहे, एवढंच मला सांगता येतं.

"ती बस आता कोरियन ग्रुप घेऊन गरम पाण्याच्या कुंडाकडे गेली असेल," आ-तुंग म्हणाला. "बाबा मजेत असतील."

"त्याला कोरियन येतं का?"

"कुंडात बसायला काय भाषा लागते?"

आई हसली नाही. "तुला माहीत नाही तो कसा आहे," ती म्हणाली. "तू तेव्हा नव्हतास. ताई माझ्या पोटात होती. आम्ही ताइनानला जत्रेला गेलो होतो. मी त्याला देवळाच्या दाराशी उभं केलं, म्हटलं, इथेच थांब, मी येते. मला माझी मावशी भेटली. मी तिच्या घरी गेले, जेवले, झोपलेसुद्धा. संध्याकाळी आठवण झाली. परत आले तर हा तिथेच, पायरीवर, शेंगदाण्याची टरफलं पायाशी. मी म्हटलं, घरी का नाही गेलास? तर म्हणतो, तू थांब म्हणालीस." तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसते ढग होते. "तो तसा माणूस आहे. उतर म्हटल्याशिवाय उतरणार नाही. थंडीत बसून राहील. आणि पुढच्या आठवड्यात आपण कुणाला पूर्वजांत मिसळणार? रिकाम्या पात्राला?"

आता आ-तुंगही हसत नव्हता.

सीटांच्या फटीतून मागून चिउबाईंचा आवाज आला. "माझ्यामुळे झालं. मला पडू द्यायचं होतं."

"तुम्ही पडला असता तर खुब्याचं हाड मोडलं असतं," आई म्हणाली.

"मोडलं असतं तर मोडलं असतं. माझा विमा आहे. नाणी टाकून विचारा ना त्यांना."

आईच्या पर्समध्ये ती दोन नाणी होतीच, दहा-दहाची, रुमालात बांधलेली. तिने समोरचं टेबल उघडलं, त्यावर विमानातली पांघरायची शाल घडी करून ठेवली, आणि नाणी दोन्ही तळहातांत घेऊन डोळे मिटले. विचारायच्या आधी आपलं नाव आणि पत्ता सांगावा लागतो.

"शिए घराण्याची सून, तुंगकांगची, बंदराजवळच्या बर्फ कारखान्यातली," ती पुटपुटली. मग एक डोळा उघडून आ-तुंगला विचारलं, "आत्ता आपण कुठे आहोत?"

त्याने समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. "समुद्रावर."

"समुद्र नको. त्याला पोहता येत नाही." तिने परत डोळे मिटले. "आकाशात आहोत. म्हातारबा, तू रागावलायस का, की बसमध्ये झोप लागली, की तुला तिथेच राहायचंय?"

नाणी पडली. दोन्ही चेहरे वर, म्हणजे धड हो नाही, धड नाहीही नाही.

"हसताहेत," चिउबाई फटीतून म्हणाल्या.

"तुला दिसतं तरी का तिथून?" त्यांच्या नवऱ्याने झोपेत विचारलं.

"हसणारच," मी म्हणाले. माझी बोलायची इच्छा नव्हती, पण राहवलं नाही. "आई, तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. ते कुठल्याला हो म्हणणार? एका वेळी एकच विचार."

आईने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. या नाण्यांच्या बाबतीत मी कधी मत दिलेलं नव्हतं. मग तिने विचारलं, "बसमध्ये राहिलास का?"

दोन्ही आकडे. नाही.

"सामान तपासतात त्या रांगेत अडकलास का?"

दोन्ही आकडे.

"तिथे बूट काढायला लावतात, बाबांना आवडत नाही," आ-तुंग म्हणाला.

"गप्प बस. त्या कालव्याच्या पुलावर?"

नाणी शालीवर आपटून एक चेहरा, एक आकडा दिसला आणि आई पुढे वाकली. पण आकड्याचं नाणं टेबलाच्या कडेला टेकून तिरकं उभं होतं. ते धरता येत नाही. तिने परत टाकलं. दोन्ही आकडे. नाही.

असं बरंच चाललं. हॉटेल नाही. सुशीचं दुकान नाही. जिथे आ-तुंगने पाकीट हरवून परत मिळवलं ते स्टेशन, तेही नाही. एखाद्या जागेला नाणी हसायची, मग परत विचारलं की नाही. माझ्या दृष्टीने प्रत्येक 'नाही' ही चांगली बातमी होती. पण आईचा आवाज प्रत्येक वेळी बारीक होत चालला होता. कारण एकेक जागा गळत होती आणि तिच्या मनातला बर्फ वाढत होता. जेवणाच्या गाड्या आल्या. आमच्या रांगेत भाताचे डबे ठेवले गेले. आईने आपला डबा न उघडता माझ्या टेबलावर सरकवला, तिला टेबल मोकळं हवं होतं.

"आई," मी म्हणाले, "ते कुठे नाहीत हे विचारत बसलीस तर अख्खं जपान विचारावं लागेल. सरळ विचार ना. आमच्याबरोबर विमानात आहेस का? एवढंच."

ती नाणी मुठीत धरून बसली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत सांगणार होते.

"आणि नाही म्हणाला तर?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो प्रश्न तिला सुचला नव्हता असं नाही. पहिल्यापासून ती त्याच्याभोवती फिरत होती. बसमध्ये आहेस का विचारलं तर बस सापडते, कुणाला फोन करता येतो, परत जाता येतं. पण या प्रश्नाला 'नाही' आलं की मग काही करता येणार नव्हतं. आम्ही पुढे चाललो होतो, घराकडे, आणि परत वळायची सोय नव्हती.

"नाही म्हणाले तर मी परत जाऊन घेऊन येईन," मी म्हणाले. "रजा शिल्लक आहे माझी."

"एकटी?"

"एकटी. त्या बसमध्ये चढेन आणि म्हणेन, बाबा, उतरा."

"आणि पूल?"

"प्रत्येक पुलावर सांगेन."

"मोठ्याने सांगावं लागतं. तू पुटपुटतेस."

"मोठ्याने सांगेन."

आईने मग नाणी माझ्या हातात दिली. "तू टाक. प्रश्न तुझा आहे."

दोन नाणी, चार शक्यता, त्यातल्या दोन 'हो'च्या. हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण नाणी हातात आल्यावर त्या माहितीचा काही उपयोग होईना. ती आईच्या हाताने गरम झालेली होती. मी नाव आणि पत्ता सांगितला. मग म्हणाले, "बाबा, आमच्याबरोबर विमानात आहात का?"

टाकली त्याच क्षणी विमान खड्ड्यात पडल्यासारखं खाली गेलं. एक नाणं शालीवर पडलं, त्यावर मी हात दाबला. दुसरं उडालं, आ-तुंगच्या मांडीवरून वाटेत पडलं आणि घरंगळत मागे गेलं. सीटबेल्टचा दिवा लागला.

"उचलतो," आ-तुंग म्हणाला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "कसं पडलंय ते आधी बघायला हवं."

"आमच्याकडून गेलं," चिउबाई म्हणाल्या. "मागे गेलं, मागे." मग त्यांनी मागच्या लोकांना सांगितलं. आमचा ग्रुप तीन-चार रांगांत पसरलेला होता आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकामागून एक सगळ्यांनी पाय उचलले. एका गृहस्थांनी जेवणाचा डबाही उचलून डोक्याशी धरला.

हवाई सुंदरी सीटांना धरत धरत आली. तरुण होती, केस घट्ट बांधलेले. "सगळ्यांनी बसून राहा. पट्टे लावा. काय हरवलंय?"

"नाणं," आ-तुंग म्हणाला. "पण उचलायचं नाहीये. कुठली बाजू वर आहे एवढंच सांगायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग शालीवर दाबलेल्या माझ्या हाताकडे.

"कुणासाठी विचारताय?" तिने हळू आवाजात विचारलं.

"माझ्या नवऱ्यासाठी," आई म्हणाली. "विमानात चढला की नाही ते कळत नाहीये."

मुलीने खिशातून छोटा टॉर्च काढला आणि वाटेत गुडघ्यावर बसली. विमान अजून हलत होतं. ती एकेका सीटखाली उजेड टाकत मागे सरकत गेली. मी माझा हात उचलला. माझ्या हाताखाली चेहरा होता. म्हणजे तिकडे आकडा हवा होता. आईने ते पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"सापडलं," मागून आवाज आला.

"हात लावू नका," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"नाही लावत. लावला तर आजी घरात घेणार नाही मला." ती वाकली. "आकडा."

"नीट बघितलंस का, बाळा?" आई सीटवरून मान उंच करून म्हणाली. "कशाला टेकलेलं नाही ना?"

"सपाट पडलंय. दहा लिहिलंय. मला स्वच्छ दिसतंय."

चिउबाई रडायला लागल्या. त्यांच्या मागे कुणीतरी पाय खाली टेकवले, मग सगळ्यांनी टेकवले, आणि तो आवाज पाऊलवाटेने माणसं चालत यावीत तसा मागून पुढे आला. आईने माझं मनगट सोडलं. ती सीटमध्ये मागे टेकली आणि तिचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर होते हे मला तेव्हा दिसलं.

"मग इतका वेळ गप्प का होतास, म्हातारबा?" ती म्हणाली.

"तुम्ही त्यांना विचारलंतच कुठे?" चिउबाई नाक पुसत म्हणाल्या.

"पण उतरले कसे?" आ-तुंगने विचारलं. "कुणी सांगितलंच नाही तर?"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "ती गाइड ओरडली ना, सगळे उतरा. त्याने ऐकलं असेल. सगळ्यांत आपणही आलो असं त्याला वाटलं असेल." तिने पिशवी चाचपली. "ताइनानला नसतं वाटलं. वर्षभरात शिकला."

मुलीने नाणं आणून दिलं. आईने तिला बिअर आहे का विचारलं, आणि जास्तीचा एक ग्लास. कुणासाठी, हे मुलीने विचारलं नाही. ती दोन ग्लास आणि शेंगदाण्याची दोन पाकिटं घेऊन आली. आईने एक ग्लास आपल्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात ठेवला, त्याच्याशेजारी एक पाकीट उघडून ठेवलं. मग तिने माझ्या टेबलावरून स्वतःचा डबा ओढून घेतला. भात गार झाला होता. तिने तो सगळा खाल्ला, माझा पाव खाल्ला, आ-तुंगची खीर खाल्ली आणि म्हणाली की विमानातल्या जेवणाला लोक उगाच नावं ठेवतात.

"ताई," आ-तुंग हळूच म्हणाला, "तू खरंच परत गेली असतीस?"

"हो."

"मोठ्याने ओरडली असतीस? जपानी लोकांसमोर?"

"हो म्हटलं ना."

त्याने खिशातून दुधाची गोळी काढून मला दिली.

काओश्युंगला विमान टेकलं तेव्हा ऊन होतं. दार उघडलं तशी माणसं वाटेत उभी राहिली. आई दारात थांबली, उंबरा ओलांडायच्या आधी मागे वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हातारबा, उतर. घर आलं." मागची रांग थांबली. आमच्या ग्रुपमधले गृहस्थ हाताने वाट मोकळी करून उभे राहिले. तेवढा वेळ जाऊ दिला आणि मग सगळे निघाले. पासपोर्टच्या खिडकीशी सांगितलं, सामानाच्या पट्ट्याशी सांगितलं. चिउबाईंनी बाहेरच्या दाराशी बाबांचा निरोप घेतला, पिशवीकडे बघून. "वर्षाच्या विधीला येते मी," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, या, जेवायला या.

आ-तुंगची गाडी विमानतळावर ठेवलेली होती. आई मागच्या सीटवर बसली आणि शहर सुटायच्या आत झोपली, तोंड उघडं टाकून, एक हात पिशवीवर. मी पुढे बसले होते. थंडीचे कोट आमच्या पायांशी पडले होते आणि काचेतून येणारी हवा ऊबदार होती, तिला मासळीचा आणि उसाच्या शेतांचा वास होता.

काओपिंग नदीचा पूल लांब आहे. तो दुरून दिसतो. तो दिसला तेव्हा मी मागे पाहिलं. आईला उठवावंसं वाटेना. आ-तुंगने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आमच्यापैकी कुणी दुसऱ्याला तू सांग म्हटलं नाही. गाडी पुलावर चढली आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "बाबा, पूल आला."

मी चांगलीच मोठ्याने म्हणाले असणार, कारण शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं.

"ओरडू नका," आई डोळे न उघडता मागून म्हणाली. "मेला असला तरी बहिरा नाहीये तो."

मग ती परत झोपली. पूल संपला तेव्हा आम्ही परत सांगितलं, पण जरा हळू.